बर्फाचा डोंगर आणि उर्दू शाळेतली मुलं

'हिमनदी' हा शब्द वर्गात आला की माझी पंचाईत होते. मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. मुलांना 'ग्लेशियर' ठाऊक असतं, पण मराठीत तेच नदी होऊन समोर आलं की हात वर होतात. "टीचर, नदी है तो बहती कायकू नहीं?" वाहते बाळांनो, पण कुठे दिवसाला चार बोटं, कुठे हातभर. आमच्या मुलांचं बर्फाशी नातं तीन ठिकाणी येतं: गोळेवाल्याची गाडी, मासळी बाजारातल्या लाद्या आणि रमजानमध्ये इफ्तारच्या सरबतात टाकायला आणलेला दहा रुपयांचा तुकडा. मे महिन्यात पारा ४३-४४ च्या वर जाणाऱ्या गावात डोंगराएवढा बर्फ समजावून सांगायचा म्हणजे शिक्षकाचं कसब लागतं.

यंदा एका मुलानं काम सोपं केलं. त्यानं घरी फोनवर एक व्हिडिओ पाहिला होता. पायाला लांब स्की बांधलेली माणसं बर्फावर होती, पण ती उतरत नव्हती, चढत होती. त्याचा प्रश्न असा, की हे लोक मागे घसरत कसे नाहीत? मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी आठवडाभर वाचत बसले. त्या वाचनातून हा लेख निघाला, आणि तो शेवटी घसरगुंडीच्या पलीकडे, आपल्या मुलांपर्यंत आला.

तर त्या प्रकाराला स्की माउंटेनियरिंग म्हणतात. २०२६ च्या इटलीतल्या हिवाळी ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिक खेळ झाला. तिथली शर्यत काही मिनिटांची असते. मूळ प्रकार मात्र वेगळा: हिमनद्यांनी वेढलेलं एखादं शिखर एका दिवसात चढायचं आणि त्याच दिवशी स्कीवरून खाली यायचं. मुक्काम नाही, तंबू नाही, पाठीवर लागेल तेवढंच सामान. घसरत का नाहीत, याचं उत्तर स्कीच्या तळाशी आहे. चढताना तळाला एक पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सील माशाच्या कातड्याची असे. (सील खरं तर मासा नव्हे, पण आपण म्हणतो तसं.) आता ती नायलॉनची किंवा अंगोरा बकरीच्या लोकरीची असते. तिचे केस एका दिशेनं झोपलेले असतात. स्की पुढे सरकवली की ते गुळगुळीत, मागे घसरू लागली की उभे राहून बर्फाला धरतात. मखमलीवरून हात फिरवून बघा, एका बाजूनं मऊ, उलट फिरवला की खरखरीत. वर्गात एका मुलीच्या दप्तरात ईदच्या कपड्याचा मखमली तुकडा निघाला, आणि सगळ्यांना एका मिनिटात समजलं. चढताना बुटाची टाच मोकळी असते, फक्त चवडा अडकवलेला. शिखरावर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, टाच आवळायची आणि उतरायचं.

पण त्यातली खरी गोष्ट वेळेची आहे. असे लोक रात्री एक-दोनला निघतात, कपाळावर दिवा बांधून. रात्रीच्या थंडीनं बर्फ घट्ट गोठलेला असतो. हिमनदीत खोल भेगा असतात, काही घर मावेल एवढ्या, आणि त्यांच्या तोंडावर बर्फाचा पातळ साकव जमलेला असतो. तो पहाटे माणसाचं वजन पेलतो, दुपारी पेलेलच असं नाही. म्हणून एकमेकांना दोरानं बांधून चालतात. ऊन चढलं की उतारावरचा बर्फ ओला, जड होतो आणि सुटतो. ३० ते ४५ अंशांचा उतार त्यासाठी सगळ्यात वाईट. म्हणून निघण्याआधीच परतीची वेळ ठरवलेली असते. समजा अकरा. अकरा वाजले आणि शिखर समोर दिसतंय, अर्ध्या तासावर आहे, तरी फिरायचं. सूर्य कुणाच्या हौसेसाठी थांबत नाही.

हे ऐकून मला परकं काही वाटलं नाही. सोलापूरकराला उन्हाशी भांडू नये हे शिकवावं लागत नाही. मे महिन्यात आमचे गवंडी पहाटे कामाला लागतात आणि अकराला सावली धरतात. विडी वळणाऱ्या बाया उन्हाच्या आधी पाण्याचं उरकून घेतात. आणि रमजान पाळणाऱ्या घरात घड्याळाची शिस्त काय असते, हे काय सांगायचं? सेहरीची वेळ संपली की संपली, ताटात दोन घास उरले म्हणून फज्र पुढे ढकलली जात नाही. हिमशिखराच्या चढाईला लागणारी निम्मी शिस्त आमच्या मोहल्ल्यात आधीच आहे. उरलेली निम्मी का नाही, हा माझा मुद्दा आहे.

एका दिवसाची चढाई म्हणजे सोपी, असा अर्थ कुणी काढू नये. आपल्याच देशातलं उदाहरण घ्या. उत्तराखंडातलं त्रिशूळ, ७१२० मीटर. १२ जून १९०७ रोजी टॉम लाँगस्टाफ हा इंग्रज डॉक्टर, ब्रोशरेल बंधू हे दोन इटालियन वाटाडे आणि कर्बीर बुराथोकी हा गुरखा जवान असे चौघं सुमारे ५३०० मीटरवरून निघाले, एका दिवसात जवळजवळ १८०० मीटर चढून शिखरावर गेले आणि उतरले. तोवर इतक्या उंचीचं शिखर गाठल्याची दुसरी नोंद वादातीत नव्हती. त्याआधीच्या प्रयत्नात वर वादळात अडकून त्यांना खाली यावं लागलं होतं. स्की वापरून केलेलं आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे स्पेनचा किलियन जोर्नेट. २०१४ च्या जूनमध्ये तो अलास्कातल्या ६१९० मीटरच्या डेनालीवर जाऊन पायथ्याच्या मुक्कामी परतला, ११ तास ४८ मिनिटांत. इतरांना तिथे दोन-तीन आठवडे लागतात. तो लहानपणापासून डोंगरात वाढला, त्यामुळे ते ११ तास म्हणजे खरं तर पंचवीस वर्षं होती.

हे सगळं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, इसमें अपने में का कोई है क्या?"

या प्रश्नाला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. डोंगराला धर्म नसतो, खेळाडूची जात बघू नये, वगैरे. ते बरोबरच आहे. पण तेरा वर्षांची मुलगी तत्त्वज्ञान विचारत नव्हती. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्या चित्रात तिच्यासारखं नाव असलेलं माणूस उभं राहू शकतं का. मी तिला खरं उत्तर दिलं: आहेत, फार पूर्वीपासून आहेत, पण बहुतेक वेळा ओझ्याखाली.

सियाचीन हे नाव आपण बातम्यांत ऐकतो. तो शब्द बाल्टी भाषेतला, अर्थ 'गुलाबांची विपुलता'. बाल्टी लोक मुसलमान, आणि ती हिमनदी त्यांच्या बोलीनं नाव ठेवण्याइतकी त्यांची ओळखीची. गलवान नदीचं नाव ज्याच्यावरून पडलं तो गुलाम रसूल गलवान लेहचा. गोऱ्या साहेबांच्या मोहिमांत नोकर म्हणून शिरला, काफिल्यांचा म्होरक्या झाला आणि पुढे आपली आठवणींची वही इंग्रजीत लिहून गेला. हुंझाचा अमीर मेहदी १९५४ च्या इटालियन मोहिमेत के-टूवर होता. शिखर गाठणाऱ्या दोघांसाठी प्राणवायूच्या जड नळकांड्या घेऊन तो आणि वॉल्टर बोनात्ती वर गेले. ठरलेल्या जागी तंबू सापडला नाही. सुमारे ८१०० मीटरवर, तंबू नाही, झोपायची पिशवी नाही, अशी उघड्यावर त्यांनी रात्र काढली. त्या प्राणवायूवर दुसरे दोघे शिखरावर गेले. मेहदीच्या पायाची बोटं गेली. जगाला बोनात्तीवरचा अन्याय पुढे पन्नास वर्षं चघळायला मिळाला, मेहदीचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

म्हणजे हिमालयात आपण उपरे नाही. पाठीवरच्या सामानाच्या यादीत आपण होतो, शिखराच्या यादीत फार कमी.

कमी, पण अगदीच नाही असं नाही. गुलमर्गचा आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता. एक माणूस, हातात तिरंगा, मागे अधिकारी. जायंट स्लालममध्ये तो ४५ वा आला, स्लालम पूर्ण करता आली नाही. वडिलांचं गुलमर्गमध्ये स्की सामानाचं दुकान, म्हणून पोरगं चौथ्या-पाचव्या वर्षापासून बर्फावर. आणि आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादच्या पोलीस दलातले शिपाई रफिक शेख. एव्हरेस्टसाठी ते २०१४ मध्ये गेले. त्या एप्रिलमध्ये खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी कामगार गेले आणि मोसमच बंद झाला. २०१५ मध्ये परत गेले, तर नेपाळचा भूकंप. दोनदा पैसे गेले, रजा गेली, लोकांची बोलणी पदरात पडली असणारच. तिसऱ्यांदा, मे २०१६ मध्ये, ते शिखरावर पोचले. आमच्या सोलापूरच्या आनंद बनसोडेंनी त्याआधी मे २०१२ मध्ये एव्हरेस्ट गाठलं होतं, तेव्हा सपाट मुलखातल्या गावातून तिथे जाता येतं हेही सिद्ध झालेलं आहे.

मग आपली मुलं का दिसत नाहीत? पहिलं उत्तर गरिबीचं दिलं जातं. ते खोटं नाही. स्की, बूट, बाइंडिंग आणि कपडे हा संच विकत घ्यायचा तर विडी वळणाऱ्या आईची वर्षाची मजुरी पुरणार नाही. पण मोहिमेचं सामान विकत घेऊन कुणी गिर्यारोहक होत नाही. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली, पहलगाम इथल्या सरकारी संस्थांत साधारण चार आठवड्यांचा पायाभूत अभ्यासक्रम असतो. राहणं, जेवण, दोर, बूट, सगळं संस्थेचं. गुलमर्गमध्ये पर्यटन मंत्रालयाची संस्था स्की शिकवते. फी लागते, पण ती आपल्याकडच्या एखाद्या क्लासच्या फीपेक्षा जास्त नसते. आणि क्लासच्या फिया आपण भरतोच आहोत. कर्ज काढून भरतो.

दुसरं उत्तर 'हमारे में नहीं चलता'. एका वडिलांनी मला फार गंभीरपणे विचारलं होतं, "टीचर, छोरी कू बरफ में भेजे तो परदे का क्या?" मी त्यांना त्या व्हिडिओतला फोटो दाखवला. टोपी, त्यावर हेल्मेट, चष्मा, नाकातोंडावर कापड, गळ्यापासून टाचेपर्यंत तीन थर कपडे, हातात जाड मोजे. बाई कोण, बाप्या कोण ओळखून दाखवा म्हटलं. ते हसले. नमाजचं विचाराल तर प्रवाशाला सवलत आहे, आणि जिथे रात्री एकला उठायचं असतं तिथे फज्र चुकण्याची भीती घरापेक्षा कमीच! पण हसले तरी त्यांनी होकार दिला नाही. कारण परदा हा खरा अडसर नव्हताच. खरा अडसर असा, की मुलीनं डोंगर चढून काय साधायचं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्यांच्या ओळखीत ते कळलेलं एकही माणूस नव्हतं.

माझ्या मते मूळ कारण तिसरंच आहे आणि ते बोलायला अवघड आहे. मराठी मुलाची बर्फाकडे जाणारी वाट किल्ल्यावरून जाते. १९९८ मध्ये एव्हरेस्टवर गेलेले पुण्याचे सुरेंद्र चव्हाण घ्या, किंवा २०१२ मध्ये आठ जणांना शिखरावर पोचवणारी पुण्याचीच गिरिप्रेमी संस्था घ्या, या सगळ्यांच्या मागे सह्याद्री आहे. शाळेत असताना सिंहगड, मग राजगड-तोरणा, मग दोर लावून सुळके, मग उत्तरकाशी, मग हिमशिखर. अशी पायरी-पायरीची शाळा आहे ही. आपली मुलं पहिल्या पायरीलाच नसतात. जो कधी सिंहगडावर गेला नाही तो हिमनदीवर कुठून जाणार?

आणि ती किल्ल्यावर का नसतात? निम्मा दोष आपला. किल्ला म्हटलं की आपल्या घरात 'ते त्यांचं' असं एक न बोललेलं वाक्य असतं. सहलीचं पत्र आलं की दर्गा चालेल, हैदराबादचं सालारजंग चालेल, विजापूरचा गोलघुमट तर चालेलच. गड म्हटलं की पालकांच्या कपाळावर आठी. शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, हे मी वर्गात सांगते तेव्हा निम्म्या मुलांना ती बातमी वाटते. आपला इतिहास आपणच अर्धा वाचून ठेवून दिला आणि मग तक्रार केली की पुस्तकात आम्ही नाही.

पण उरलेला निम्मा दोष आपला नाही, आणि तोही सांगितलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी पंधरा-सोळा मुलामुलींना घेऊन सह्याद्रीतल्या एका गडावर गेले होते. वाटेत एका मुलानं मित्राला मोठ्यानं हाक मारली. नाव ऐकून समोरून येणाऱ्या टोळक्यातला एकजण थांबला आणि म्हणाला, "तुम्ही इथं कशाला?" तो रागावलेला नव्हता, त्याला खरोखर आश्चर्य वाटलं होतं, आणि तेच जास्त लागलं. मुलं गप्प झाली. उरलेला रस्ता त्यांनी एकमेकांना नावानं हाक मारली नाही. 'ए', 'अरे', 'इकडे ये' असंच चालू होतं. वर झोपडीत ताक विकणाऱ्या आजींनी मात्र सगळ्यांना गावं विचारली, सोलापूर म्हटल्यावर आपला भाऊ चादरीच्या कारखान्यात होता म्हणाल्या, आणि शेवटच्या तीन ग्लासांचे पैसे घेतले नाहीत. दोन्ही माणसं त्याच डोंगरावरची. मी मुलांना दोन्हींबद्दल बोलायला लावलं. पण पुढच्या वर्षी सहलीला नावं आली ती सात.

आपल्या बिगरमुस्लिम वाचकांना मला इथे एक विनंती करायची आहे. तुमच्या गावात ट्रेकिंगचा गट असेल तर शेजारच्या उर्दू शाळेला एकदा पत्र पाठवा. आमचे मुख्याध्यापक तुमच्या व्हॉट्सअॅप गटात नसतात, आणि त्यात कुणाचा कट नसतो. आम्हाला कळतच नाही. आणि गडावर घोषणा द्या, जरूर द्या, पण शेजारून दमून चाललेल्या बारा वर्षांच्या पोराकडे बघून देऊ नका. फरक पोराला कळतो.

आता धोक्याचं. मी हे टाळून पुढे गेले तर कुठल्याही आईनं माझ्यावर विश्वास ठेवू नये. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या पुढच्या टप्प्यातल्या अभ्यासक्रमाची तुकडी द्रौपदी का डांडा-२ या ५६७० मीटरच्या शिखराकडे चढत होती. एका दिवसात वर जाऊन परत यायचं, अशीच ती चढाई. सकाळीच वरचा बर्फ सुटला आणि पंचवीसहून जास्त माणसं गेली. बहुतेक विशीतली, शिकायला आलेली. त्यांच्यासोबत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली ही मुलगी उत्तराखंडातल्या साध्या शेतकरी घरातली. अनुभवाला, शिस्तीला, लवकर निघण्याला त्या दिवशी उत्तर नव्हतं.

ही बातमी वाचून मीही अनेक दिवस वर्गात बर्फाचा विषय काढला नाही. मग हळूहळू माझं मत ठरलं. ते सगळ्यांना पटेल असं नाही. आपली मुलं धोक्यापासून लांब आहेत, असं आपण समजतो तेव्हा आपण कुठल्या मुलांबद्दल बोलतो? माझ्या वर्गातून गेलेली मुलं तिघं एका मोटारसायकलवर, हेल्मेटशिवाय, पुणे रस्त्यावर सुसाट जातात. कुणी यंत्रमागावर रात्रपाळी करतो, कुणी गुटख्यावर आहे. त्या धोक्यांत शिकण्यासारखं काही नाही. डोंगरातला धोका मोजायला शिकवतात. उतार किती अंश, रात्री थंडी किती पडली, नवा बर्फ किती, अंगावरच्या यंत्रात बॅटरी आहे का, गाडला गेलेल्याला शोधायला फावडं कुणाकडे. तरीही माणसं मरतात. मी कुणाच्या आईला खात्री देऊ शकत नाही. मी एवढंच म्हणते, की निर्णय माहितीवर घ्यावा, 'अपने में नहीं चलता' यावर नाही. आणि पहिली दोन-तीन वर्षं तर सह्याद्रीतलीच आहेत, तिथे हिमस्खलन नाही.

दुसरी भीती मला उलट्या बाजूनं वाटते. उद्या आपल्यातला एखादा मुलगा खरंच शिखरावर गेला तर आपण काय करू? चौकात फलक लावू, नगरसेवकाचा फोटो मोठा, पोराचा लहान. फेटा, शाल, भाषणं, 'कौम का नाम रोशन'. आणि जो शिखराच्या शंभर मीटर खालून ठरल्या वेळी परत फिरला, त्याला कुणी स्टेशनवर घ्यायलाही जाणार नाही. या खेळात फिरून येणं हेच निम्मं कौशल्य आहे, आणि आपल्या सत्काराच्या पद्धतीत त्याला खुर्चीच नाही. शिखर म्हणजेच सगळं, असं ठरलं की काय होतं हेही महाराष्ट्रानं २०१६ मध्येच पाहिलं. पोलीस दलातल्याच एका जोडप्यानं एव्हरेस्ट चढल्याचा दावा केला, फोटो दुसऱ्याच्या फोटोवरून केलेले निघाले, आणि नेपाळनं त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. त्याच वर्षी, त्याच महिन्यात, त्याच राज्याच्या पोलिसांतले रफिक शेख दोनदा रिकाम्या हातानं परतून तिसऱ्यांदा खरंखुरं चढले होते. आमच्या मुलांना मी ही दोन्ही माणसं शेजारी-शेजारी ठेवून दाखवते. त्यातही २०१४ आणि २०१५ वर जास्त वेळ बोलते, २०१६ वर कमी.

शाळेच्या पातळीवर काय करता येतं? फार नाही, पण काही येतं. खेळाचा तास गणिताला देणं आधी थांबवता येतं. आमच्याकडे दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास म्हणजे उरलेला अभ्यासक्रम, हे जवळजवळ ठरलेलंच. सोलापुरात डोंगर नाही, पण जिने आहेत. पाठीवर पाण्याच्या चार बाटल्या घेऊन तीन मजले वीस वेळा चढणं हा फुकटचा सराव आहे. नळदुर्ग पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, एसटीनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तो चढाईचा किल्ला नाही हे खरं, पण बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा, त्यातला पाणीमहाल, लांबलचक तटबंदी, बुरुजांवर चढउतार, असा दिवसभर पाय मोडायला पुरेसा आहे. आणि तिथे 'तुम्ही इथं कशाला' असं विचारायला जीभ रेटणार नाही, कारण बांधणाऱ्याचं नावच उत्तर देतं. घरच्यांचा पहिला होकार मिळवायला हा किल्ला फार उपयोगी पडतो. तिथून पुढे सह्याद्री.

येत्या डिसेंबरात एकवीस मुलांची यादी तयार आहे, त्यात नऊ मुली. पहिला मुक्काम नळदुर्ग, जानेवारीत सह्याद्रीतला एक गड. परतीची वेळ आत्ताच ठरवली आहे, दुपारी दोन, मग वर कुठेही पोचलेलो असू. ज्या वडिलांनी परद्याचं विचारलं होतं त्यांच्या मुलीचं नाव यादीत आहे. नळदुर्गपुरतं. पुढचं बघू म्हणाले. सध्या अडचण बुटांची आहे. मुलींपैकी सहा जणींकडे फक्त चपला आहेत, आणि किल्ल्याच्या दगडावर पकड धरेल असा बूट पाचशेच्या आत मिळत नाही. मधला मारुती परिसरातल्या एका दुकानदारानं जुन्या मापाचे राहिलेले जोड दाखवतो म्हटलं आहे, रविवारी मुलींच्या पायांची मापं घेऊन जाणार आहे.